परसदार रेल्वेचा जिराफ

"जिराफाचं तोंड इंजिनाकडे ठेवायचं की गार्डाकडे, याबद्दल तुमच्या उत्तरात एक अक्षर नाही," धारवाडकरसाहेब म्हणाले आणि माझा मसुदा त्यांनी टेबलावरून परत माझ्याकडे सरकवला. त्यावर तांबड्या पेन्सिलीची एक तिरपी रेघ होती.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. थट्टेची एखादी तरी खूण सापडते का ते बघत होते. सापडली नाही. साहेबांच्या चेहऱ्यावर तसलं काही उमटल्याचं कचेरीत कोणाला आठवतच नव्हतं.

ही सत्याहत्तर सालची गोष्ट. मी, शालन ढवळे, तेव्हा बावीस वर्षांची होते आणि सोलापुरात रेल्वेच्या मालवाहतुकीच्या एका कचेरीत लागून मला चार महिने झाले होते. नोकरी कच्ची होती. वर्षाच्या शेवटी साहेबांनी चांगला शेरा मारला तर पक्की, नाहीतर घर. आणि घरी मामांनी माझ्यासाठी मोहोळचा एक भुसार व्यापारी बघून ठेवला होता. गृहस्थ चाळिशीचे होते आणि बोलताना डोळे मिटून घेत. त्यामुळे साहेब जे सांगतील ते मी करत होते.

पण हे पत्र वेगळंच होतं. सकाळच्या टपालात आलं होतं, सुबक अक्षरात, दोन्ही बाजूंना समास सोडून:

"आमची परसदार रेल्वे विहिरीपासून न्हाणीघरापर्यंत एकूण बासष्ट फूट लांबीची असून तीवर एक इंजिन, चार वाघिणी व दोन स्टेशने आहेत. पैकी पहिल्या स्टेशनावर एक जिराफ, एक पाणघोडा व एक कांगारू (पिल्लासह) रवाना होण्यासाठी खोळंबले आहेत. वाघीण हे नाव ऐकूनच जिराफ आत चढण्यास नकार देतो. तरी सदर जनावरे कोणत्या नियमाने न्यावीत, याचे मार्गदर्शन व्हावे. आपला, जनरल मॅनेजर, परसदार रेल्वे, कुर्डुवाडी."

वाचून मी पदर तोंडाला लावून हसले होते. मालडब्याला आम्ही वाघीणच म्हणतो, रोज शंभरदा म्हणतो, पण त्यात कोणाला वाघ दिसेल असं मनातही आलं नव्हतं. "सदर विषय या कचेरीच्या कक्षेत येत नाही" असं दोन ओळींचं उत्तर मी तयार केलं, आणि त्याच्यावरच ती तांबडी रेघ आली होती.

"साहेब, हे कोणीतरी गंमत म्हणून..."

"ढवळेबाई, या कचेरीत आलेल्या प्रत्येक पत्राला पंधरा दिवसांत उत्तर जातं. हा नियम मी केलाय आणि तो मोडलेला नाही. पाठवणारा शहाणा आहे की खुळा, हे बघायचं आपलं काम नाही. बसा आणि लिहा."

मी बाहेर आले. हेडक्लार्क तांबोळी माझ्या समोरच बसत. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं.

"बाई, सांगायलेत तेवढं लिहा," ते म्हणाले. "मागं एकानं विचारलंतं, मेलेली म्हैस माल का सामान. तिलाबी उत्तर गेलंतं."

मग मी लिहिलं. जिराफाचं तोंड गार्डाकडे ठेवावं, म्हणजे धुरानं डोळे चुरचुरणार नाहीत. पाणघोड्याची वाघीण गळकी नसावी. वाघिणीच्या नावाबद्दल जिराफाची समजूत स्टेशनमास्तरांनी घालावी. हे शेवटचं वाक्य मी भीत भीत घातलं होतं. साहेबांनी ते खोडलं नाही. फक्त 'समजूत'च्या अलीकडे 'लेखी' हा शब्द घातला.

आठव्या दिवशी कुर्डुवाडीहून उत्तर आलं. जिराफाची लेखी समजूत घातली असून त्याने सही करण्यास नकार दिला आहे, कारण त्याला हात नाहीत. शिवाय नवी अडचण अशी की, न्हाणीघराच्या ओट्याखाली आमचा एकमेव बोगदा आहे आणि त्यातून जिराफाची मान जात नाही. धड एका वाघिणीत आणि मान मागच्या वाघिणीत अशी आडवी ठेवली तर भाडं एका वाघिणीचं पडेल की दोन?

"मान स्वतंत्रपणे बुक करता येत नाही," साहेब खिडकीकडे तोंड करून सांगत होते आणि मी उतरवून घेत होते. "मान हा जिराफाचा अविभाज्य भाग आहे. मात्र मान मुक्कामाच्या स्टेशनावर धडाआधी पोचल्यास पोच कोणाच्या नावाने द्यावी, याचा खुलासा परसदार रेल्वेने करावा."

"पण साहेब, मान मागच्या वाघिणीत आहे. ती नंतर पोचेल."

साहेब वळले. क्षणभर मला वाटलं, गेली आपली नोकरी.

"बरोबर," ते म्हणाले. "ते वाक्य काढा."

असं चार महिने चाललं. पिशवीतलं कांगारूचं पिल्लू प्रवासी की सामान, यावरच पाच पत्रं झाली. पाणघोड्याने वाटेत जांभई दिली आणि सिग्नल त्याच्या तोंडात गेला, तेव्हा नुकसानीची चौकशी झाली. पत्र आलं की तांबोळी दाराला कडी लावत आणि मी मोठ्याने वाचून दाखवत असे. दुपारच्या डब्याच्या वेळी आम्ही सगळे जनरल मॅनेजर कोण असेल याचे तर्क लढवायचो. कोणी म्हणे वेडा, कोणी म्हणे निवृत्त मास्तर. बोगद्याची गोष्ट मात्र काही केल्या मिटत नव्हती. आम्ही एक उपाय सुचवला की कुर्डुवाडीहून दुसरी अडचण यायची, आणि साहेबांची पेन्सिल पुन्हा चालू.

मग वार्षिक तपासणी आली. वरच्या कचेरीतून कुलाबकर नावाचे तपासनीस आले. बारीक अंगाचे, बोलताना ओठ न हलवणारे. त्यांनी कपाटातून नेमकी ती फाईल काढली. पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत उभ्याउभ्याच वाचली. आम्ही सगळे आपापल्या टेबलाशी पुतळे झालो होतो.

"हे कोणी लिहिलंय?"

प्रत्येक मसुद्याखाली सही माझी होती. साहेबांच्या तांबड्या पेन्सिलीच्या खुणांखाली कुठेच सही नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर मोहोळचा भुसार व्यापारी डोळे मिटून उभा राहिला.

"मी," मी म्हणाले.

"अक्षर त्यांचं आहे," साहेबांचा आवाज आतल्या खोलीच्या दारातून आला. "वाक्यं माझी आहेत. सगळी. पिल्लाचं एक सोडून. ते तांबोळींचं आहे."

तांबोळींनी डोळे वर करून आढ्याकडे पाहिलं.

कुलाबकरांनी फाईल मिटली. "धारवाडकर, ही रेल्वे खरोखर आहे का? असेल तर हा पत्रव्यवहार आहे. नसेल तर ही सरकारी कागदावर केलेली थट्टा आहे, आणि मग मला तुमच्याबद्दल वर कळवावं लागेल. मी शनिवारपर्यंत इथे आहे. कुर्डुवाडी काही लांब नाही. जाऊन बघून या."

"मी कुर्डुवाडीला जात नाही," साहेब म्हणाले.

"म्हणजे?"

"जात नाही. बावीस वर्षांत एकदाच गेलो, तेवढं पुरे. तुम्हाला वर कळवायचं असेल तर कळवा."

कुलाबकरांनी फाईल काखेत घेतली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही जा. रिपोर्ट मला द्या. फक्त मला."

दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या पॅसेंजरने कुर्डुवाडीला उतरले. पत्ता विचारत गेले तर एक लहान बैठं घर निघालं. दार साठीच्या एका गृहस्थांनी उघडलं. अंगात बंडी, हात तेलाने काळे. मी कचेरीचं नाव सांगताच ते माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे बघू लागले, कोणी मागून येतंय का म्हणून.

"एकटीच आलीस?"

"हो. तुम्ही जनरल मॅनेजर?"

"श्रीपाद धारवाडकर. इथल्या छोट्या गाडीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. ये आत."

आडनाव ऐकून मी उंबऱ्यातच थांबले. ते मात्र मला सरळ मागच्या दारी घेऊन गेले.

रेल्वे खरोखरच होती. विहिरीपासून निघून तुळशीला वळसा घालून न्हाणीघराकडे गेलेले, चार बोटं रुंदीचे रूळ. पितळेचं इंजिन, स्पिरिटच्या दिव्यावर चालणारं. विहिरीजवळच्या स्टेशनावर फळीचा फलाट होता आणि त्यावर लाकडाची तीन जनावरं उभी होती. रंग कुठेकुठे उडालेला. कांगारूच्या पोटाशी अंगठ्याएवढं पिल्लूही होतं.

"आमच्या वडिलांनी केलीत ही, खोक्याच्या फळ्यांची," श्रीपादअण्णा म्हणाले. "ते गार्ड होते. रूळ त्यांनी टाकले, बोगदाही त्यांनीच बांधला. इंजिन मी केलं. आणि जनावरं रामूच्या मालकीची. लहानपणी तो स्टेशनमास्तर व्हायचा आणि मला नियम सांगायचा. पाणघोड्याला तिकीट दिलं नाही म्हणून एकदा दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता."

"रामू म्हणजे आमचे साहेब?"

"तुमचे साहेब." त्यांनी जिराफाच्या पाठीवरची धूळ बंडीला पुसली. "त्यानं मार्थाशी लग्न केलं. ख्रिश्चन मुलगी, सोलापुरात शाळेत शिकवायची. लग्नाला मी जायला निघालो तर आई म्हणाली, गेलास तर मी या विहिरीत उडी टाकीन. मी राहिलो. आई त्यानंतर सोळा वर्षं ठणठणीत जगली. ती गेली तेव्हा रामू आला, पण स्मशानातूनच परत गेला. घरात पाऊल टाकलं नाही."

"मग पत्रं?"

"साधी पत्रं पाठवली होती की. तशीच परत आली, न फोडता. दोन दिवाळ्यांना फराळाचं पार्सल पाठवलं. तेही परत. मग मागच्या साली वर्कशॉपातला एकजण सांगत होता, सोलापूरच्या कचेरीत धारवाडकर म्हणून साहेब आहेत, कुत्र्यानं पत्र पाठवलं तरी पंधरा दिवसांत उत्तर देतात. मी म्हटलं, माणसाला उत्तर मिळत नाही तर रेल्वेला मिळतंय का बघू."

एवढं बोलून ते इंजिनातला दिवा लावायला वाकले. "तुला तपासायचं असेल ना? बघ."

त्यांनी जिराफाला वाघिणीत उभं केलं. इंजिन फुसफुसत निघालं, तुळशीला वळसा घातला, ओट्याखालच्या बोगद्यात शिरलं. मी खाली वाकून बघत होते. जिराफ ताठ मानेने आत गेला आणि ताठ मानेनेच पलीकडे निघाला. वर बोटभर जागा उरली होती.

"अण्णा, हा तर जातोय."

"जाणारच. वडिलांनी बोगद्याच्या मापानंच केलाय."

"तुम्ही तर चार महिने लिहिताय की मान अडकते."

"अडकत नाही असं लिहिलं असतं," श्रीपादअण्णा म्हणाले, "तर पुढचं पत्र कशावर लिहिलं असतं?"

परतीच्या गाडीत मी मांडीवर कागद ठेवून रिपोर्ट लिहिला. दोन वाक्यं खरी होती. परसदार रेल्वे अस्तित्वात आहे. रूळ व इंजिन सुस्थितीत आहेत. तिसरं वाक्य लिहायच्या आधी मी पेनाचं टोपण बराच वेळ चावत बसले. मग लिहिलं: जिराफाची उंची बोगद्याच्या उंचीपेक्षा पाऊण इंच जास्त आढळली. सबब ही मापाबाहेरच्या मालाची वाहतूक ठरते. अशा मालाला कचेरीच्या प्रमुखांनी स्वतः जागेवर पाहणी केल्याशिवाय परवानगी देता येत नाही. तरी प्रमुखांस तेथे पाठवण्याचे आदेश व्हावेत.

खोटा सरकारी रिपोर्ट लिहिण्याची माझी ती पहिली आणि शेवटची वेळ. कच्च्या नोकरीत, साहेबाच्या डोक्यावरून, तपासनिसाच्या हातात. पकडली गेले असते तर मोहोळच काय, मामांनी आणखी लांबचं गाव शोधलं असतं.

कुलाबकरांनी रिपोर्ट वाचला. "पाऊण इंच?"

"हो साहेब."

"तुम्ही स्वतः मोजलंत?"

"हो साहेब."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग खाली लिहिलं, "मान्य. प्रमुखांनी येत्या रविवारी समक्ष जाऊन पाहणी करावी. सोबत ढवळे." सही केली, फाईल साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि दुपारच्या गाडीने निघून गेले.

साहेबांनी तो हुकूम वाचला आणि दिवसभर दार लावून बसले. मला बोलावलं नाही. हुकूम मोडणं त्यांना जमणार नाही, एवढ्या एका भरवशावर मी होते.

रविवारी स्टेशनवर आले तेव्हा त्यांच्या बरोबर निळ्या काठाचं पातळ नेसलेल्या एक बाई होत्या.

"ही माझी बायको," साहेब म्हणाले. "हिला जिराफ बघायचाय."

गाडी सुटल्यावर साहेब वर्तमानपत्रामागे गेले. मार्थाबाई माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाल्या, "पत्र आलं की संध्याकाळी घरी वाचून दाखवतात मला. पाणघोड्याच्या जांभईला तर जेवताना ठसका लागला होता त्यांना. लग्नाला बावीस वर्षं झाली, असं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. पण आपण जाऊन येऊ म्हटलं की ताट सोडून उठायचे."

कुर्डुवाडीच्या त्या घराशी पोचल्यावर साहेब पुढच्या दाराने आत गेले नाहीत. घराला वळसा घालून बोळातून थेट परसात शिरले. श्रीपादअण्णा विहिरीजवळ उभे होते. आज धुतलेला सदरा घातला होता, पण बटणं वरखाली लागली होती.

"परसदार रेल्वे?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"मापाबाहेरचा माल कुठे आहे?"

"फलाटावर."

साहेबांनी खिशातून घडीची फूटपट्टी काढली. आधी जिराफ मोजला. मग गुडघे टेकून बोगदा मोजला. पुन्हा जिराफ मोजला. उठले तेव्हा त्यांच्या विजारीला गुडघ्यांवर माती लागली होती.

"ढवळेबाई, तुमचा रिपोर्ट खोटा आहे."

"हो साहेब," मी म्हणाले.

"अर्धा इंच जागा उरतेय." ते भावाकडे वळले. "तुमची पत्रंही खोटी आहेत. अकराच्या अकरा."

"हो," श्रीपादअण्णा म्हणाले. "हा जातो, हे मला पहिल्यापासून माहीत होतं."

साहेबांनी फूटपट्टीची घडी घातली. ती नीट बसेना म्हणून परत उघडली, परत घातली.

"मलाही माहीत होतं," ते म्हणाले. "बाबांनी जिराफाचं डोकं तासलं तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. मापं मीच सांगत होतो."

मग मार्थाबाई ओट्याच्या कडेला बसल्या आणि हसायला लागल्या. आधी हळू, मग डोळ्यांना पाणी येईपर्यंत. "चार महिने," त्या म्हणत होत्या, "चार महिने दोघं घोडे एका लाकडी मानेवर..." आणि पुढचं त्यांना बोलवेना.

श्रीपादअण्णा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. हात कुठे ठेवायचे ते त्यांना कळत नव्हतं.

"मी लग्नाला यायला हवं होतं," ते म्हणाले.

मार्थाबाईंनी पदराने डोळे पुसले. "हो," त्या म्हणाल्या. "यायला हवं होतं."

एवढंच. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत आणि अण्णांनीही विचारलं नाही.

मग अण्णा आत जाऊन चहा करायला लागले. आम्ही स्वयंपाकघरात पाटांवर बसलो. एकट्या माणसाचं घर, कप दोनच होते. एक मार्थाबाईंना दिला, एक मला. साहेबांना पितळी पेला मिळाला आणि अण्णांनी स्वतःसाठी आमटीची वाटी घेतली.

मार्थाबाईंनी घोट घेतला. "दादा," त्या म्हणाल्या, "साखर घालायची राहिलीय."

त्या शब्दाने अण्णा वाटी खाली ठेवून घाईघाईने उठले. फळीवरचे डबे एकामागून एक उघडू लागले. डाळ, पोहे, मीठ, पुन्हा डाळ. रोज बिनसाखरेचा चहा पिणारा माणूस, साखर कुठे ठेवली होती ते त्यांना आठवेना. शेवटी साहेब उठले, भावाला हळूच बाजूला केलं, आणि चुलीमागच्या कोनाड्यात हात घालून एक काळपट डबा बाहेर काढला. आत बघितलं. थोडी होती, गोळा झालेली.

"आई इथेच ठेवायची," ते म्हणाले, आणि चमच्याने तो गोळा फोडत खालीच बसले.

परतीची गाडी साडेपाचची होती. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून गेलेले मला दिसत होते. पण कोणी उठायचं नाव घेत नव्हतं, आणि मीही कोणाला आठवण केली नाही.